लिनक्सची नवी आयएसओ किती दिवसांनी यायला हवी?

मागच्या दिवाळीत मावसभावाने नवा लॅपटॉप घेतला आणि त्यावर लिनक्स टाकून द्यायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. माझ्या बॅगेत एक पेन ड्राइव्ह कायम असतो. त्यातली आयएसओ दोन वर्षांपूर्वीची होती. म्हटलं, चालेल, नंतर अपडेट करू. इन्स्टॉलेशन पटकन झालं, पण वायफाय काही दिसेना. लॅपटॉप नवा, कर्नल जुना. त्या वायफाय चिपचा ड्रायव्हरच त्यात नव्हता. लॅपटॉपला लॅन पोर्टही नाही. म्हणजे अपडेटसाठी इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी अपडेट हवा! शेवटी मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं तेव्हा काम झालं. पण भावाचा त्या दिवसाचा दीड जीबी डेटा अपडेटमध्येच संपला.

चूक माझी होती, मी ताजी आयएसओ घ्यायला हवी होती. पण ताजी म्हणजे किती ताजी? आणि डिस्ट्रो बनवणाऱ्यांनी ती किती वेळा काढायची?

आधी एक गैरसमज दूर करू

आयएसओ म्हणजे डिस्ट्रोचा एका ठरावीक दिवशी काढलेला फोटो. त्या दिवशीचा कर्नल, ड्रायव्हर आणि पॅकेजेस त्यात असतात. तुमच्या मशीनवर लिनक्स आधीच असेल आणि तुम्ही नियमित अपडेट करत असाल, तर त्याच आवृत्तीची नवी आयएसओ आली म्हणून पुन्हा इन्स्टॉल करायची काहीच गरज नाही. नवी आयएसओ लागते ती नव्याने इन्स्टॉल करणाऱ्याला.

कोण किती वेळा काढतं?

- आर्च लिनक्स: दर महिन्याच्या सुरुवातीला. ही रोलिंग डिस्ट्रो आहे, पॅकेजेस सतत बदलतात. आयएसओ फार जुनी असेल तर पॅकेजवरची सही तपासायच्या चाव्याही जुन्या असतात आणि इन्स्टॉलेशन मध्येच अडतं.
- ओपनसुसे टम्बलवीड: ओपनक्यूए या स्वयंचलित चाचणीतून पास झालेल्या स्नॅपशॉटबरोबर नवी आयएसओ येते.
- डेबियन: मुख्य आवृत्ती साधारण दोन वर्षांनी, आणि स्टेबल आवृत्तीचे पॉइंट रिलीज साधारण दर दोन महिन्यांनी.
- उबुंटू एलटीएस: दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये, मधे पॉइंट रिलीज. २२.०४ एप्रिल २०२२ मध्ये ५.१५ कर्नल घेऊन आली, तर सप्टेंबर २०२४ च्या २२.०४.५ डेस्कटॉप आयएसओत ६.८ कर्नल होता. नाव दोन्हींचं २२.०४ च, पण नव्या लॅपटॉपवर चालण्याच्या दृष्टीने फरक मोठा.

मग रोज का काढत नाहीत?

फाइल बनवणं सोपं आहे, ते काम स्क्रिप्ट करते. अवघड असते ती चाचणी. बायोस, यूईएफआय, सिक्युअर बूट, वेगवेगळे प्रोसेसर, वेगवेगळे डेस्कटॉप हे सगळं तपासावं लागतं, आणि डेबियनसारख्या प्रकल्पात हे काम स्वयंसेवक करतात. साध्या अपडेटमध्ये गडबड झाली तर दुसरा अपडेट पाठवता येतो. पण आयएसओ एकदा पेन ड्राइव्हवर गेली की तिला कोणी परत बोलावू शकत नाही.

डिसेंबर २०२३ चं उदाहरण घ्या. डेबियन १२.३ येणार होती, पण ऐन वेळी कळलं की तिच्यातल्या ६.१.६४-१ या कर्नलमुळे ईएक्सटी४ फाइलसिस्टिमवरचा डेटा खराब होऊ शकतो. १२.३ च्या आयएसओ थांबवल्या आणि १० डिसेंबरला दुरुस्त कर्नलसह थेट १२.४ आणली. तारीख पाळण्याच्या नादात ती फाइल बाहेर गेली असती, तर किती जणांचे फोटो आणि प्रोजेक्ट धोक्यात आले असते!

आणि कधी थांबूनही चालत नाही

जानेवारी २०१९ मध्ये उलटं घडलं. डेबियनच्या एपीटीमध्ये, म्हणजे अपडेट आणणाऱ्या प्रोग्रॅममध्येच त्रुटी सापडली. नेटवर्कच्या मधे बसलेला हल्लेखोर खोटं पॅकेज घुसवू शकत होता. इथे 'इन्स्टॉल करून मग अपडेट करा' हा नेहमीचा सल्लाच धोक्याचा ठरला, कारण अपडेट त्याच बिघडलेल्या एपीटीने होणार होता. म्हणून २३ जानेवारीला डेबियन ९.७ काढली. तिच्यात एपीटीची ती एकच दुरुस्ती होती, बाकी काही नाही. नेहमीची ९.८ नंतर फेब्रुवारीत आली.

माझं उत्तर

रोलिंग डिस्ट्रोसाठी महिन्याला एक आणि स्थिर डिस्ट्रोसाठी दोन-तीन महिन्यांनी एक आयएसओ हे वेळापत्रक मला योग्य वाटतं. पण ते दोन्ही बाजूंनी लवचिक हवं. फाइलमध्ये डेटा घालवणारा दोष दिसला तर तारीख खुशाल चुकवावी. आणि इन्स्टॉलेशन किंवा पहिला अपडेटच असुरक्षित असेल तर तारखेची वाट न पाहता नवी फाइल काढावी. नुसता एखादा ॲप जुना झाला, एवढं कारण त्यासाठी पुरेसं नाही. तो नंतर अपडेट होतोच.

तुम्ही काय करायचं?

- इन्स्टॉल करायच्या दिवशी आधी डिस्ट्रोच्या अधिकृत साइटवर जाऊन तुमच्याकडची आयएसओ सर्वात नवा पॉइंट रिलीज आहे का ते बघा.
- डाउनलोड झाल्यावर चेकसम जुळवून पाहा.
- लाइव्ह मोड असेल तर इन्स्टॉल करण्याआधी त्यात बूट करून वायफाय, आवाज आणि टचपॅड तपासा.
- डेटा कमी असेल तर नेटइन्स्टॉल प्रकारची छोटी आयएसओ विचारात घ्या. ती पॅकेजेस थेट इंटरनेटवरून ताजी आणते, त्यामुळे तेच पॅकेज दोनदा डाउनलोड होत नाही. मात्र इन्स्टॉलरचा स्वतःचा कर्नल त्या फाइलमधलाच असतो, म्हणून तीही नवीच घ्या.

माझ्या पेन ड्राइव्हवर आता एक छोटी चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर डिस्ट्रोचं नाव नाही, फक्त आयएसओची तारीख आहे.