नखाएवढ्या रत्नावरचा दरबार

१/७
१७४५ साली पॅरिसमधील एका धनिक, पण बिगरसरदारी वर्तुळातली विवाहिता व्हर्सायच्या दरबारात आली. पंधराव्या लुईची प्रेयसी म्हणून तिला ‘मार्कीझ द पाँपादूर’ हा किताब मिळाला. राज्यकारभारात पद मात्र नव्हते. राजाची मर्जी हेच तिचे बळ होते, आणि मर्जीचा भरवसा कोण देणार?

२/७
तिने आश्रय दिला जाक गे या रत्नकोरक्याला. फिरत्या बारीक चाकाच्या टोकाला तेलात कालवलेली हिऱ्याची पूड लावून तो अकीक, सुलेमानी असे कठीण खडे कोरत असे. अंगठीत वा कंकणात बसेल एवढ्या खड्यावर अख्खा प्रसंग उमटे.

३/७
हे प्रसंग रूपकांच्या भाषेत मांडलेले असत. १७४५ चा फाँतनुआचा विजय, १७४८ चा तह, १७५१ मधील राजाच्या नातवाचा जन्म : समकालीन राजकारण येथे ग्रीक-रोमन देवतांचा वेष घेऊन येते. एका रत्नात तर रत्नकलेची रक्षणकर्ती मिनर्व्हा आहे आणि तिच्या ढालीवर तीन बुरूज. हे बुरूज पाँपादूरच्या कुलचिन्हातले!

४/७
१७५० च्या सुमारास राजाशी असलेल्या तिच्या नात्यातील प्रणय सरला, सख्य उरले. त्यानंतर ‘मैत्री’ हे रूपक तिने पुढे आणले. देहसंबंध संपला तरी आपले स्थान अढळ आहे, हे दरबाराला सांगण्याची ती रीत होती.

५/७
पण अंगठीतले रत्न किती जण पाहणार? म्हणून गेच्या रत्नांवरून बूशे आणि व्हियाँ यांनी रेखाटने केली. त्यांवरून तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढून, त्या आम्लाने खोल करून, पन्नासहून अधिक चित्रे छापली गेली. प्रती मोजक्याच काढल्या. त्या मर्जीतल्या लोकांसाठी होत्या.

६/७
या चित्रांवर कोरणारी म्हणून नाव आहे खुद्द पाँपादूरचे. तिला व्यावसायिक हातांची मदत किती झाली, यावर अभ्यासकांत वाद आहे. मात्र त्या वादात एक गोष्ट झाकोळते : आश्रयदात्रीचे नाव सहसा अर्पणपत्रिकेत असे, तिने ते कलावंताच्या जागी घातले.

७/७
१७६४ साली तिचे निधन झाले. मृत्युपत्रान्वये गेने कोरलेली आपली रत्ने तिने राजाच्याच संग्रहाला दिली. दरबारात जिला पाहुणी मानले गेले, तिची स्मृती अशा रीतीने राजसंग्रहाचा कायमचा भाग झाली. पुढे क्रांतीने राजेशाही उलथली. तरी यांतील काही रत्ने पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही आहेत.