जिल्हा हे मोजमाप : हौशी पक्षिनिरीक्षकांच्या सामुदायिक नोंदींचा इतिहास

सांगली शहराच्या उत्तरेस, पुणे–मिरज लोहमार्गावर वसलेल्या माधवनगर ह्या गावी १९४० साली कोणी एखादा पक्षी पाहून त्याचे टिपण केले असेल, तर ते आज कोणत्या जिल्ह्याच्या यादीत दाखल करावे? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचे उत्तर सरळ नाही. त्या काळी हा परिसर पटवर्धन संस्थानांच्या मुलखात मोडत असे. माधवनगरला लागून असलेले बुधगाव हे तर मिरज संस्थानाच्या धाकट्या पातीच्या राजधानीचेच गाव. १९४८ मध्ये ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, १९४९ मध्ये साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके व विलीन मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याचे नाव ‘सांगली’ असे झाले. अवघ्या बारा वर्षांत एकाच गावाने संस्थान, दक्षिण सातारा आणि सांगली अशी तीन नावे धारण केली. पक्षी मात्र होता तेथेच राहिला.

आज भारतातील हजारो हौशी पक्षिनिरीक्षक आपापल्या नोंदी जिल्हावार मांडतात. कोणत्या जिल्ह्यात आपण किती जातींचे पक्षी पाहिले, किती जिल्हे पादाक्रांत झाले व किती उरले, ह्याचा हिशेब प्रत्येकाजवळ असतो. आणि ह्या वैयक्तिक हिशेबांची बेरीज होऊन देशाचा एक सामुदायिक नकाशा तयार होतो. ह्या उद्योगाचा इतिहास पाहणे दोन कारणांसाठी अगत्याचे आहे. एक तर, महसुलाच्या सोयीसाठी आखलेला जिल्हा निसर्गाच्या नोंदीचे परिमाण कसा बनला हे त्यातून उलगडते. दुसरे असे की, हौसेने व चढाओढीने जमविलेली सामग्री पुराव्याचा दर्जा केव्हा मिळवू शकते, हा इतिहाससंशोधनाचाही जिव्हाळ्याचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

जिल्हा ही नैसर्गिक मर्यादा नव्हे, हे सांगलीच्या उदाहरणावरून सहज ध्यानी येते. ह्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकास शिराळा तालुक्यातील अतिपर्जन्याचे अरण्य, मध्यभागी कृष्णाकाठची काळी बागाईत जमीन आणि पूर्वेस जत व आटपाडीकडील अवर्षणग्रस्त माळराने. ह्या तिन्ही भूप्रदेशांतील पक्षिजीवन परस्परांहून भिन्न असूनही यादीत ते एकाच शीर्षकाखाली येते. उलटपक्षी, चांदोली राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य सलग असताना सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत ते विभागले गेले आहे. वारणेच्या खोऱ्यात एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जाणारा पक्षी दोन जिल्ह्यांच्या यादीत पडू शकतो. तात्पर्य, जिल्हा जेथे भेद आहे तेथे ऐक्य दाखवितो आणि जेथे ऐक्य आहे तेथे भेद.

महाराष्ट्रातील पक्ष्यांच्या पद्धतशीर नोंदींचा आरंभ जिल्ह्यापासून झालेला नाही. मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तांतक म्हणून दख्खनमध्ये हिंडलेल्या कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने १८३२ साली जी पक्षिसूची लंडनमध्ये प्रसिद्ध केली, तिचा घटक ‘दख्खन’ हा होता. हा पठारी मुलूख ही त्याच्या दृष्टीने एक सलग वस्तू होती. पुढे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम याने १८७२ पासून ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक चालविले. काँग्रेसच्या स्थापनेतील ह्याच गृहस्थाने मुलकी अधिकारी, लष्करी अंमलदार, वैद्य, अभियंते अशा बातमीदारांचे जाळे देशभर विणले होते. हे बातमीदार जेथे नेमणुकीवर असत तेथील पक्ष्यांची माहिती पाठवीत. नेमणूक जिल्ह्याची असल्याने सूचीही हळूहळू जिल्ह्याची वा तत्सम प्रदेशाची होऊ लागली. जी. डब्ल्यू. व्हिडल ह्या मुलकी अधिकाऱ्याची दक्षिण कोकणच्या पक्ष्यांची यादी, १८८० च्या सुमाराची, ह्याच पठडीतली. पक्ष्यांच्या यादीत जिल्हा शिरला तो शास्त्राच्या वाटेने नव्हे. बदलीच्या हुकुमाने शिरला, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

ह्यूमच्या उद्योगाचा शेवट इतिहासाच्या अभ्यासकांना विशेष ओळखीचा वाटेल. अनेक वर्षांच्या परिश्रमाने सिद्ध केलेली त्याची हस्तलिखिते सिमल्याच्या राहत्या घरातून रद्दी म्हणून बाजारात विकली गेली. त्यानंतर त्याने ८०,००० हून अधिक नमुन्यांचा आपला संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन केला आणि पक्षिशास्त्राचा जवळजवळ निरोप घेतला. वाण्याच्या दुकानी पुड्यांसाठी गेलेल्या दप्तरांच्या कथा महाराष्ट्रात काही थोड्या नाहीत. एका व्यक्तीच्या घरात साठविलेली सामुदायिक माहिती किती भंगुर असते, ह्याचा हा नमुनेदार दाखला होय.

इकडे हे घडत असताना इंग्लंडमध्ये सीमेच्या प्रश्नाचा विचार आधीच झालेला होता. ह्यूएट कॉट्रेल वॉटसन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५२ साली ग्रेट ब्रिटनची ११२ ‘उपकौंट्यां’त विभागणी सुचविली. कौंट्या लहानमोठ्या असल्याने त्यांची तुलना करता येत नाही, म्हणून मोठ्या कौंट्या त्याने तोडल्या. एकट्या यॉर्कशायरचे पाच भाग केले. पुढे सरकारने कौंट्यांच्या सीमा अनेकदा फिरविल्या, परंतु वॉटसनच्या रेषा हलल्या नाहीत. म्हणूनच त्या देशातील हौशी निसर्गप्रेमींनी निरनिराळ्या शतकांत केलेल्या नोंदी आजही एकमेकींशेजारी मांडता येतात. प्रशासनाची रेषा वेगळी आणि नोंदीची रेषा वेगळी, हा विवेक त्याने आरंभीच दाखविला.

अमेरिकेत भर पडली ती सहकार्याच्या व चढाओढीच्या अंगाने. नाताळच्या दिवशी दोन तट पाडून अधिकाधिक पशुपक्षी मारण्याची तेथे प्रथा होती. फ्रँक चॅपमन याने १९०० साली तिला पर्याय म्हणून पक्षी मारण्याऐवजी मोजण्याचा प्रघात सुचविला. पहिल्या वर्षी २७ निरीक्षकांनी २५ ठिकाणी गणना केली. शर्यतीची ईर्ष्या कायम राहिली. तिचे साध्य मात्र बदलले. पुढे हीच वृत्ती निरनिराळ्या छंदांत फैलावली. हौशी रेडिओचालकांनी तर देशातील सर्व ३,०७७ कौंट्यांशी संपर्क साधण्याचा पण मांडला आणि ज्या कौंटीत कोणी रेडिओचालक राहत नाही तेथे मोटारीतून जाऊन इतरांना तो संपर्क मिळवून देण्याची रीत पाडली. एकाची रिकामी जागा भरण्यासाठी दुसऱ्याने प्रवास करावा, हे ह्या छंदाचे खरे मर्म होय.

भारतात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पक्षिगणनेचा घटक पुन्हा बदलला. सालिम अली यांनी १९३१ पासून हैदराबाद, त्यानंतर त्रावणकोर, कोचीन इत्यादी संस्थानांच्या पाहण्या केल्या. संस्थानिकांचा आश्रय मिळाल्याने पाहणीची सीमा संस्थानाची सीमा झाली. अर्थातच ह्या मालिकेत प्रामुख्याने मोठी संस्थाने येतात. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले आणि बंदूक न घेता पक्षी ओळखणारा वाचक तयार होऊ लागला. १९६० मध्ये जफर फतेहअली यांनी पक्षिनिरीक्षकांसाठी वार्तापत्र सुरू केले. गावोगावच्या निरीक्षकांची टिपणे त्यात एकत्र येऊ लागली. १९८७ पासून आशियाई पाणपक्षी गणनेने दर जानेवारीत ठरावीक तलाव मोजण्याची शिस्त लावली.

ह्या वाटचालीत भाषेचे कार्य उपेक्षिता येणार नाही. एकाच पक्ष्यास देशावर एक, कोकणात दुसरे व विदर्भात तिसरे नाव असेल, तर सामुदायिक यादी होणे दुरापास्त. वनाधिकारी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनवासी, पारधी व शेतकरी यांच्या तोंडची नावे गोळा करून पक्षिकोश सिद्ध केला आणि मराठी निरीक्षकांना समान शब्दसंग्रह मिळाला. त्यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर व सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, ह्या दोहोंमधील दिवस महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळावयाचे ठरविले.

तथापि जिल्हावार चढाओढीला आजचे रूप आले ते संगणकामुळे. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशाळेने व ऑडुबॉन सोसायटीने २००२ मध्ये ‘ईबर्ड’ ही नोंदवही सुरू केली. २०१३ पासून फेब्रुवारीतील चार दिवसांच्या गणनेत भारतीय निरीक्षक सहभागी होऊ लागले. पद्धत साधी आहे. निरीक्षकाने किमान पंधरा मिनिटे एका ठिकाणी थांबावे किंवा चालावे, ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहावा, वेळ व अंतर नमूद करावे. यादी दाखल होताच ती त्या जिल्ह्याच्या खात्यावर चढते. जिल्ह्यातील एकूण जाती, एकूण याद्या आणि निरीक्षकांचा अनुक्रम सर्वांना दिसतो. कोणता जिल्हा मागे पडला हेही दिसते, आणि मग शेजारच्या जिल्ह्यातील मंडळी तेथे धाव घेतात.

ह्या उद्योगावर घेतला जाणारा आक्षेप गंभीर आहे. संख्येचा हव्यास लागला की निरीक्षक ज्ञात ठिकाणीच गर्दी करतो, दुर्मीळ पक्ष्यामागे धावतो आणि चिमणी-कावळ्यांकडे पाठ फिरवितो. जेथे निरीक्षक अधिक तेथे जाती अधिक दिसतात. ह्यावरून त्या जिल्ह्याची पक्षिसंपत्ती अधिक असा निष्कर्ष काढणे म्हणजे ज्या गावी दप्तर सापडले तेथेच इतिहास घडला असे मानण्यासारखे आहे. जिल्ह्याची जातिसंख्या हा पक्ष्यांचा पुरावा असण्यापूर्वी निरीक्षकांच्या हालचालींचा पुरावा असतो. केरळमधील निरीक्षकांनी २०१५ ते २०२० ह्या काळात जो पक्षिनकाशा तयार केला, त्यात जिल्ह्याऐवजी समान आकाराच्या चौकोनांची निवड केली आणि चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरलेल्या चौकोनात, तेथे काही दिसो वा न दिसो, जाण्याचे बंधन पाळले. हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या ह्या श्रमाने वरील आक्षेपाला कृतीने उत्तर दिले.

तरीही चढाओढ केवळ त्याज्य ठरत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालास सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींचा आधार होता. दीर्घकालीन कल ज्यांचा काढता आला अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के जातींची घट झाल्याचे त्यावरून दिसून आले. हा निष्कर्ष निघाला तो जातींच्या बेरजेतून नव्हे. संपूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत एखादी जात आढळते, ह्या प्रमाणातून निघाला. म्हणजे शर्यतीने सामग्री पुरविली, पण अर्थ दिला तो ‘न दिसलेल्या’ पक्ष्यांनी. ज्या यादीत सर्व काही लिहिले आहे, तिच्यातच एखाद्या गोष्टीच्या अभावाला किंमत येते.

सीमेचा प्रश्न मात्र उरतोच. १९६० साली महाराष्ट्रात २६ जिल्हे होते. आज ३६ आहेत. देशातील जिल्ह्यांची संख्या २००१ च्या जनगणनेत ५९३ होती, २०११ मध्ये ६४० झाली व त्यानंतरही वाढत गेली. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा निघाला, तेव्हा डहाणूच्या किनाऱ्यावर पाहिलेले पक्षी ठाण्याच्या खात्यातून एका दिवसात बाहेर पडले. ज्या नोंदीत अक्षांश-रेखांश वा निदान गावाचे नाव आहे, ती नव्या जिल्ह्यात बिनचूक हलविता येते. जिच्यात केवळ ‘जिल्हा ठाणे’ इतकेच आहे ती अधांतरी राहते. वॉटसनने रेषा गोठवून जे साधले, ते आज स्थळाचा बिंदू नोंदवून साधता येते. माधवनगरच्या १९४० च्या काल्पनिक टिपणाचेही तेच. त्यात ‘मिरज संस्थान’ एवढाच उल्लेख असेल तर त्याचा उपयोग मर्यादित. ‘माधवनगर स्थानकालगतचे शेत, अमुक महिना’ असा असेल तर ते कोणत्याही जिल्ह्यात, कोणत्याही शतकात पुरावा म्हणून उभे राहील.

मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून पटवर्धन दप्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तून प्रसिद्ध केली, तीही पोटाचा व्यवसाय सांभाळून, हौसेनेच. त्या पत्रांची योग्यता त्यांच्या संख्येवरून ठरली नाही. पत्र कोणी, कोठून, कोणत्या तिथीस लिहिले हे निश्चित करता येते, म्हणून ती साधने ठरली. हौशी निरीक्षकांच्या याद्यांनाही हाच निकष लागू आहे. दक्षिण महाराष्ट्रातील अनेक शिक्षक, वनरक्षक व निसर्गप्रेमी यांच्या घरी संगणकपूर्व काळातील वह्या पडून असणे सर्वथा संभवनीय आहे. त्यांतील जातींची बेरीज आज कोणाच्याही क्रमांकात भर घालणार नाही. परंतु दिनांक व गाव असलेले प्रत्येक पान हे कृष्णाकाठच्या विसाव्या शतकाचे साधन आहे. ह्यूमच्या कागदांची जी गत झाली ती ह्या वह्यांची होऊ नये, ह्याची काळजी पक्षिमित्रांइतकीच इतिहासाच्या अभ्यासकांनीही वाहिली पाहिजे.