पर्वतीय आजार

पर्वतीय आजार (अन्य नावे: उंचीचा आजार, अल्टिट्यूड सिकनेस) हा समुद्रसपाटीपासून साधारणतः २,५०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर, शरीराला विरळ हवेची सवय होण्यापूर्वीच वेगाने चढून गेल्यामुळे होणारा विकार होय. त्याचे तीन प्रकार मानले जातात : तीव्र पर्वतीय आजार, मेंदूची सूज आणि फुफ्फुसांत पाणी होणे. पहिल्या प्रकारातील 'तीव्र' हा शब्द 'अल्पावधीत उद्भवणारा' या अर्थी आहे; तो बहुधा विश्रांतीने बरा होतो. उरलेले दोन प्रकार मात्र वेळीच खाली न उतरल्यास प्राणघातक ठरतात. हिमालयातील दीर्घ पदभ्रमणांत या आजाराची सुरुवात नेहमीच्या थकव्यासारखी भासते आणि त्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो.

कारणे

हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण उंचावरही सुमारे २१ टक्केच असते. घटतो तो हवेचा दाब. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर तो समुद्रसपाटीवरील दाबाच्या निम्मा होतो. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा ऑक्सिजन कमी पडतो. ही तूट भरून काढण्यासाठी श्वास जलद व खोल होतो, नाडीचे ठोके वाढतात, लघवीचे प्रमाण वाढते आणि पुढील काही आठवड्यांत रक्तातील तांबड्या पेशींची संख्या वाढते. या जुळवणीस अनुकूलन म्हणतात. तिला लागणारा काळ व्यक्तिपरत्वे भिन्न असतो.

शारीरिक तंदुरुस्तीमुळे चालण्याचा शीण कमी होतो. अनुकूलनाचा वेग मात्र वाढत नाही. किंबहुना काटक व्यक्ती भराभर चढत असल्याने तिला त्रास होण्याची शक्यता अधिक असते. महाराष्ट्रातील सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. त्यामुळे सह्याद्रीतील सराव पायांना व दमसासाला उपयुक्त असला, तरी विरळ हवा सोसेल की नाही, हे त्यावरून कळत नाही.

लक्षणे

तीव्र पर्वतीय आजाराचे प्रमुख लक्षण डोकेदुखी हे असून तिच्या जोडीला मळमळ, अन्नावरील वासना उडणे, चक्कर व ग्लानी ही लक्षणे आढळतात. नव्या उंचीवर पोहोचल्यानंतर साधारणतः ६ ते १२ तासांनी ती दिसू लागतात. मेंदूला सूज आल्यास तोल जातो, बोलण्यात असंबद्धता येते व पुढे शुद्ध हरपते. फुफ्फुसांत पाणी होऊ लागल्यास बसल्या जागीही धाप लागते, कोरडा खोकला येतो, ओठ व नखे निळसर पडतात आणि पुढे फेसाळ अथवा गुलाबी कफ पडतो. हा प्रकार डोकेदुखीवाचूनही उद्भवू शकतो.

थकवा आणि आजार यांतील भेद

चढणीवर दम लागणे व दिवसाअखेरीस पाय भरून येणे स्वाभाविक आहे. असा थकवा पाणी, गरम जेवण व रात्रीची विश्रांती यांनी बराचसा ओसरतो आणि थांबल्यावर श्वास काही मिनिटांत पूर्ववत होतो. विश्रांतीनंतरही धाप न थांबणे, डोकेदुखी वाढत जाणे किंवा सोबत्यांच्या मानाने अकस्मात मागे पडू लागणे ही आजाराची चिन्हे समजावीत. तोल तपासण्यासाठी एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालावयास सांगतात. तसे चालता न आल्यास मेंदूच्या सुजेची शंका घेतली जाते. झोपेत श्वास अधूनमधून थांबून पुन्हा जोराने सुरू होणे हे अशा उंचीवर सर्रास आढळते. तेवढ्यावरून आजार ठरत नाही.

सहल अर्धवट राहील या भीतीने किंवा संकोचाने रुग्ण त्रास लपवितो, त्यामुळे सोबत्यांचे लक्ष महत्त्वाचे ठरते. भारवाहकांच्या बाबतीत रोजगार बुडण्याचीही भीती असते. नेपाळमधील सर्व भारवाहक शेर्पा नसतात. अनेक जण सखल भागांतून आलेले असल्याने त्यांनाही पर्यटकांइतकाच धोका संभवतो.

प्रतिबंध

३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये व दर तीन-चार दिवसांनी एकाच ठिकाणी दुसरी रात्र काढावी, असा सर्वमान्य संकेत आहे. दिवसा उंच चढून रात्री खाली येऊन झोपणे हितावह असते. तहान भागेल इतके पाणी प्यावे. मद्य व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध वैद्यकीय सल्ल्याने प्रतिबंधासाठी घेता येते. खुंबू भागातील चहाघरांत मिळणारे लसणाचे सूप उपयुक्त असल्याचा समज आहे; मात्र ते सावकाश चढण्याला पर्याय नाही.

एव्हरेस्ट बेस कॅम्पचा मार्ग

काठमांडू (सुमारे १,४०० मी.) येथून विमानाने लुक्ला (सुमारे २,८५० मी.) गाठले की शरीराला सवय होण्यास अवधी मिळत नाही. म्हणून पहिला मुक्काम बहुधा त्याहून खालच्या फाकदिंग येथे करतात. पुढे नामचे बाजार (३,४४० मी.) आणि दिंगबोचे (सुमारे ४,४०० मी.) येथे दोन-दोन रात्री काढून लोबुचे, गोरक्षेप या मार्गाने बेस कॅम्पला (५,३६४ मी.) पोहोचतात. नामचे येथील मधला दिवस आरामाचा नसतो. त्या दिवशी आसपासची चढण चढून परत यावयाचे असते. वेळ वाचविण्यासाठी नेमके हेच दिवस गाळल्यास धोका वाढतो.

उपचार

सौम्य लक्षणे असल्यास त्याच ठिकाणी थांबावे. ती पूर्ण ओसरेपर्यंत वर जाऊ नये. लक्षणे वाढल्यास खाली उतरणे हाच मुख्य उपचार होय. ३०० ते १,००० मीटर उतरल्यास बहुधा आराम पडतो. मेंदूची सूज वा फुफ्फुसांतील पाणी यांची शंका येताच सकाळची वाट न पाहता उतरावे आणि रुग्णास एकटे पाठवू नये. ऑक्सिजन, डेक्सामेथासोन व निफेडिपिन ही औषधे, तसेच रुग्णास आत झोपवून पंपाने हवेचा दाब वाढविता येणारी गॅमो पिशवी यांनी वेळ मिळतो. पण उतरणे टळत नाही.

इतिहास व संशोधन

१९६२ च्या भारत-चीन युद्धाच्या सुमारास मैदानी प्रदेशातील अनेक भारतीय सैनिकांना अल्पावधीत हिमालयातील ठाण्यांवर जावे लागले. अशा १,९२५ सैनिकांच्या आजाराचा अभ्यास इंदर सिंग व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. नेपाळमध्ये १९७३ साली हिमालयन रेस्क्यू असोसिएशनची स्थापना झाली. तिचे फेरिचे येथील आरोग्यकेंद्र पदभ्रमणाच्या हंगामात चालते. फेरिचे येथेच पीटर हॅकेट व ड्रमंड रेनी यांनी २७८ पदभ्रमणकर्त्यांची पाहणी केली. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ५३ टक्के जणांना तीव्र पर्वतीय आजार आढळला. लुक्लापर्यंत विमानाने आलेल्यांत तो पायी आलेल्यांपेक्षा अधिक होता.

हेही पाहा

गिर्यारोहण
माउंट एव्हरेस्ट
नामचे बाजार
शेर्पा