सभासदाची साखर

आमच्या अण्णांच्या, म्हणजे आजोबांच्या लेखी जगाचा इतिहास दोन भागांत पडायचा : कारखान्याआधीचा आणि कारखान्यानंतरचा. कुणाचा जन्म, कुणाचं लगीन, कुठली विहीर कधी पाडली, सगळं त्याच मापाने मोजायचं. "थोरलीच्या येळंला कारखाना नव्हता बरं," असं ते आत्याकडे बोट करून सांगत, जणू तिचाच काही दोष. मधली रेघ होती 31 डिसेंबर 1950 ची. त्या दिवशी लोणीजवळ, ज्याला पुढे प्रवरानगर म्हणू लागले तिथे, शेतकऱ्यांच्या स्वतःच्या मालकीच्या साखर कारखान्याचं पहिलं गाळप सुरू झालं. अण्णा म्हणत, आम्ही गव्हाणीपाशी रात्रभर उभे होतो. थंडी इतकी की बॉयलरच्या भिंतीला पाठ लावून लोक बसलेले. पहिल्या साखरेची मूठ त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणली. बाई, म्हणजे आजी, यावर तोंडाला पदर लावून हसायची. तिच्या म्हणण्याप्रमाणे अण्णा पहिल्या दिवशी गेलेच नव्हते, बैल आजारी होता, ते चार-आठ दिवसांनी गेले. मूठभर साखर आली एवढं मात्र दोघांनाही मान्य.

त्या साखरेआधीची गोष्ट पाण्याची आहे. प्रवरेवर भंडारदऱ्याला इंग्रजांनी 1910 साली धरणाचं काम काढलं आणि 1926 च्या डिसेंबरात गव्हर्नर विल्सनच्या हस्ते ते सुरू झालं, म्हणून त्याचं नाव विल्सन डॅम. खाली ओझरच्या बंधाऱ्यावरून डावा-उजवा असे दोन पाट निघाले. जिथे बाजरी आणि मठ-हुलगा एवढंच पिकायचं तिथे ऊस उभा राहिला. पणजोबांना ते पाणी आलं तेव्हाचं आठवायचं. लोक चारीच्या कडेला बसून नुसतं पाण्याकडे बघत, म्हणे. पण ऊस लावला म्हणजे पैसा आला असं नव्हे. त्याचा गूळ करायचा, ढेपा व्यापाऱ्याच्या वखारीत टाकायच्या आणि तो लावील त्या भावाला मान हलवायची. तिशीच्या मंदीत गुळाचा भाव असा बसला की काहींनी उभ्या उसात जनावरं सोडली. गुऱ्हाळावरच्या काकवीचं वर्णन अण्णा फार रंगून करत, कढत काकवी, तीत मोडलेली शिळी भाकर, वर शेंगदाणे. मग एकदम थांबून म्हणत, "पण पोट काकवीनं भरतं, सावकाराचं नाही."

दुसरा रस्ता होता कंपन्यांचा. हरेगावला बेलापूर कंपनी, टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स, असे खाजगी कारखाने पाटाच्या पाण्यामागोमाग आले. त्यांना स्वतःचा ऊस हवा, म्हणून शेतकऱ्यांच्या जमिनी त्यांनी वर्षानुवर्षांच्या कराराने खंडाने घेतल्या. आमच्या चुलत पणजोबांनी अशी जमीन दिली. सालीना ठरीव रक्कम घरबसल्या येते म्हटल्यावर त्यांना ते शहाणपणाचं वाटलं. पुढे 1961 चा जमीनधारणा कायदा आला, कंपन्यांकडची जमीन सरकारकडे गेली, 1963 साली शेती महामंडळ झालं, आणि ज्याची मूळ जमीन तो खंडकरी शेतकरी मोर्चे काढत, कोर्टाच्या पायऱ्या चढत म्हातारा झाला. जमिनी परत मिळायला 2012 उजाडलं. चुलत घरातल्या नातवाला सातबारा मिळाला तेव्हा त्याचेही केस पांढरे झाले होते.

हे सगळं विठ्ठलराव विखे पाटलांनी डोळ्यांनी पाहिलेलं. शिक्षण बेताचंच, पण 1923 साली त्यांनी लोणीत सहकारी पतपेढी काढली, सावकाराच्या वहीला तोंड द्यायला. 1945 साली बेलापूरला बागायतदारांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष होते पुण्याचे धनंजयराव गाडगीळ, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे. एक खेड्यातला पाटील आणि एक अर्थशास्त्राचा प्रोफेसर, यांचं कसं जमलं याचं अण्णांना शेवटपर्यंत कौतुक होतं. मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहता मंत्री होते, त्यांचं वजन मागे उभं राहिलं. आणि विठ्ठलराव शेअर गोळा करायला गावोगाव निघाले. कधी बैलगाडीने, कधी पायी.

आता आमच्या घरचा शेअर. यावर घरात दोन मतं होती, आणि दोघंही गेली तरी ती मिटलेली नाहीत. अण्णांचं मत, शेअरला बैल विकला. बाईचं मत, बैल विकला ते विहिरीच्या कर्जापायी. शेअरला गेली ती तिची पुतळ्यांची माळ. ती माळ तिच्या बापाने पाथर्डीकडे तुरी आणि शेरडं विकून केली होती. लग्नाला तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं. बाई हे सांगताना भांडायची नाही, फक्त गळ्याशी बोटं न्यायची. प्रवरेकाठच्या कितीतरी घरांतून ही दागिन्यांची गोष्ट ऐकू येते. माझा कल बाईकडे आहे, पण शेअर सर्टिफिकिटावर नाव अण्णांचं होतं, एवढं मी स्वतः वाचलेलं आहे.

'आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना' असं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. तिकडे आंध्रात एटिकोप्पाकाला 1933 सालीच शेतकऱ्यांनी तसा प्रयोग केला होता, पण अण्णांपुढे हे काढायची सोय नव्हती. ते पानसुपारीचा डबा खाडकन मिटत आणि उठून गोठ्यात जात. त्यांचंही चूक नव्हतं म्हणा. महाराष्ट्रात पुढे जे शे-दीडशे सहकारी कारखाने उभे राहिले, ते प्रवरेकडे बघूनच.

गाडगीळ पहिली सुमारे दहा वर्षं कारखान्याचे अध्यक्ष होते. हाच माणूस पुढे 1967 साली दिल्लीला नियोजन मंडळाचा उपाध्यक्ष झाला आणि केंद्राने राज्यांना पैसा कसा वाटावा याचं सूत्र त्यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. अण्णांना दिल्लीचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यांना आठवायची ती वार्षिक सभा. धोतर-टोपीवाला बागायतदार उठून विचारणार, "आमच्या बिलातून टनामागं पैसे का कापता?" आणि प्रोफेसर शांतपणे हिशेब मांडून सांगणार. त्या कपातीवर अण्णा हयातभर कुरकुरले. पण ठेवीचे ते पैसे साठले, कर्ज फिटलं, परिसरात शाळा आल्या, 1964 साली पब्लिक स्कूल, नंतर कॉलेजं, दवाखाना. धाकटी आत्या मॅट्रिक झाली ती कारखान्याचा रस्ता झाला म्हणून, आणि त्या रस्त्याने सायकल चालवणारी आमच्या गावातली ती पहिली पोरगी. तिच्या सायकलीला अण्णांचा विरोध होता, ही बातमी मात्र आत्याकडून आहे, अण्णांकडून नाही.

1961 साली पंडित नेहरू प्रवरानगरला आले. त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. उन्हाळा होता. अण्णा म्हणत नेहरू आपल्यापासून हातभर अंतरावरून गेले. बाईला फक्त धुरळा आणि गर्दी आठवायची, आणि घरी येऊन केलेलं आंब्याचं सार.

घरात हळूहळू फरक पडत गेला. कुडाच्या भिंती जाऊन विटा आल्या. पितळीच्या जागी स्टीलची ताटं, मग रेडिओ. आणि साखर. सभासदाला सवलतीच्या दरात साखर मिळायची, त्याचं कार्ड असायचं. दिवाळीच्या तोंडावर पोतं यायचं आणि बाई ते उतरंडीमागे ठेवायची. पाहुण्याला साखरेचा चहा, घरच्यांना गुळाचा. सुबत्तेलाही अशी आमच्याकडे शिस्त होती. दुसऱ्या बाजूने पाटाच्या पाण्याचा अतिरेक झाला. उसाला भरमसाट पाणी पाजून पाजून नदीकडचा तुकडा चोपण झाला, वर पांढरा खार फुटला. पणजोबांनी ज्या पाण्याकडे डोळे भरून पाहिलं, त्याच पाण्याने दोन एकर नेलं.

आता पाथर्डी. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी धावली ती नगर-पुणे मार्गावर, पण बाईच्या माहेरच्या वाटेला एसटी लागायला फार वर्षं गेली. एकाच नगर जिल्ह्यात उत्तरेला पाट आणि दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर असा कोरडा पट्टा. बाईच्या माहेरी मी लहानपणी गेले तेव्हा पाणी रांजणातून मोजून मिळायचं. पण तिथल्या हुलग्याच्या शेंगोळ्यांची चव आमच्या बागायतदार घराला कधी आली नाही. मढीच्या यात्रेतल्या रेवड्या मामाआजोबा माझ्यासाठी आठवणीने ठेवत, पार मऊ पडेपर्यंत.

1972 च्या दुष्काळाने त्या घराचं कंबरडं मोडलं. बाईचे दोघे भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. मिलोची तांबडी भाकर घशाखाली उतरत नसे, सुखडी बरी लागे. त्याच दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर गेली, तिचा कायदा 1977 साली झाला. पण खडीच्या मजुरीत मेलेली जनावरं परत येत नाहीत. पुढच्या दसऱ्यानंतर थोरल्या मामाआजोबांनी मुकादमाची उचल घेतली, बायकोला बरोबर घेतलं आणि ऊसतोडीचा कोयता उचलला. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी त्या जोडीची, असा धंद्याचा हिशेब. टोळी कुठल्या कारखान्यावर जायची हे मुकादम ठरवणार. ती आली प्रवरेच्या पट्ट्यात. बहिणीच्या घरापासून अर्ध्या कोसावर त्यांची कोपी पडली.

बाईला हे कळलं कारखान्याच्या चिटबॉयकडून. तोड आमच्याच शिवारात होती. ती फडात गेली तेव्हा भाऊ वाढ्यांच्या ढिगाआड गेला, म्हणे. वहिनी मोळी बांधत राहिली, तिने मान वर केली नाही. बाईने तिथेच पदर खोचला आणि मोळ्या उचलायला लागली. बागायतदाराची बायको फडात मोळ्या उचलते हे बघून मुकादमाने अण्णांना निरोप धाडला. अण्णा आले. पुढे काय झालं ते बाईने मला कधी सांगितलं नाही, अण्णांनीही नाही. आत्या सांगते, "दाजी, हंगाम संपला की जातो आम्ही," एवढंच मामाआजोबा बोलले, आणि अण्णा म्हणाले, "जेवायला घरी या." ते एकदाही आले नाहीत.

मग बाईनेच रीत बसवली. दर अमावास्येला तोड बंद असायची, त्या दिवशी ती टोपलीभर बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याचं भरीत घेऊन कोपीवर जायची. मलाही न्यायची. पाचटाची ती कोपी, वाकून आत जावं लागे, दारात बैल, चुलीपाशी मामाआजोबांची पोरं. माझ्याच वयाची मामेआत्या तिथे चहाचं आधण ठेवायची, गुळाचा काळा चहा. मी तेव्हा कारखान्याच्या शाळेत जात होते. ती उसात जायची. आम्ही दोघी कोपीमागे गजगे खेळायचो आणि ती मला दरवेळी हरवायची.

पट्टा पडला, हंगाम संपला, की टोळीच्या गाड्या परत निघायच्या. त्या रात्री उतरंडीमागचं पोतं हलकं व्हायचं. बाई जुन्या लुगड्याच्या फडक्यात साखर बांधून भावाच्या गाडीत ठेवायची. अण्णांना हे ठाऊक होतं, कारण दिवाळीचं पोतं होळीपर्यंतसुद्धा पुरत नाही यावर ते ओट्यावर बसून मोठ्याने नवल करत आणि आत येत नसत. मामाआजोबा जिच्यासाठी चार महिने पहाटे तीनला उठायचे, ती साखर त्यांना अशी चोरून मिळायची. सभासद व्हायला कार्यक्षेत्रात जमीन आणि शेतात ऊस लागतो. कोयत्याला सभासद होता येत नाही.

अण्णांना मी हे एकदा बोलून दाखवलं. कॉलेजात नवी पुस्तकं वाचून आले होते, आवाजही चढला असेल. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. म्हणाले, "आम्ही कंपनीपासून सुटलो बाई. एवढंच आमच्या हातून झालं." हे त्यांचं म्हणणं मला आजही खरं वाटतं, आणि अपुरंही.

दक्षिणेकडे पुढे जे घडलं ते साखरेवाचून घडलं. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे जामखेडला आले. ज्या बायकांना अक्षरओळखही नव्हती त्यांना शिकवून त्यांनी खेड्याखेड्यांत आरोग्य कार्यकर्त्या केलं. हिवरे बाजारने 1989 नंतर पोपटराव पवारांच्या सरपंचकीत डोंगरावर चर खोदले, पाणी मुरवलं आणि उसाला व शेतीच्या बोअरवेलला बंदी घातली. ऊस न लावता गाव सावरतं, ही गोष्ट अण्णांच्या हयातीत पटायला जरा अवघडच होती. मामाआजोबांच्या गावात मात्र तसं कुणी आलं नाही आणि गावातूनही कुणी उभं राहिलं नाही. मामेआत्याचं लग्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी झालं, नवीन कोयता तयार झाला. तिच्या पोराने साखरशाळेत दोन हंगाम काढले आणि नंतर तो पाथर्डीच्या वसतिगृहात राहून बारावी झाला. आता तो नगरला, सरकारी कागदावर अहिल्यानगरला, गॅरेजमध्ये आहे. कोयता त्याच्यापाशी थांबला.

बाकीच्यांचा थांबलेला नाही. दसरा झाला की पाथर्डी-शेवगावच्या रस्त्यांवर ट्रक आजही भरतात. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ देण्याचं ठरलं, तीही संपाचा धाक दाखवल्यावर. प्रवरेच्या पाण्याने आणि शेअरच्या कागदाने माझ्या बापाच्या घराला वर आणलं, यात शंका नाही. पण त्या शेअरमध्ये पाथर्डीच्या पुतळ्या आहेत, आणि त्यांचा लाभांश त्या गावाला अजून कुणी दिलेला नाही.