दिसणारे गाणे

गाणे ही ऐकण्याची वस्तू आहे, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. चित्रपटाने गाण्यास रूप दिले हे खरे. परंतु चित्रगृहातून ते घरी येई ते केवळ आवाज होऊन. पुढे दूरदर्शनवरील 'छायागीत' आणि 'चित्रहार' यांनी ते आठवड्यातून एखाद-दोन वेळा डोळ्यांसमोर आणले, तेही चित्रपटाचा तुकडा म्हणूनच. १९९१ नंतरच्या दशकात मात्र गाणे अहोरात्र दिसू लागले आणि एका पिढीचा पोशाख, बोली व आवडनिवड त्यासरशी पालटली. या पालटास 'पाश्चात्त्य आक्रमण' असे नाव देऊन आपण मोकळे झालो. घडलेल्या गोष्टी क्रमाने मांडून पाहिल्या, तर हे नाव अपुरे पडते.

संगीतवाहिनीची कल्पना अमेरिकेतली. एमटीव्ही तेथे १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली. तिची मेख व्यापारी होती. ध्वनिमुद्रिका खपाव्यात म्हणून कंपन्या स्वखर्चाने गाण्याच्या चित्रफिती तयार करीत. वाहिनीस जवळजवळ फुकटात कार्यक्रम मिळे आणि कंपनीस जाहिरात. ही वाहिनी आपल्याकडे आली ती १९९१ साली, हाँगकाँगच्या स्टार टीव्हीबरोबर, एशियासॅट-१ या उपग्रहावरून. गच्चीवर तबकडी लावून गल्लीभर तारा ओढणारा केबलवाला हा त्या काळचा खरा प्रसारक. त्याचे नियमन करणारा कायदा झाला १९९५ साली. तोवर सरकारच्या हाती प्रामुख्याने १८८५ चा तार कायदाच होता. दप्तर मागे आणि व्यवहार पुढे, हा अनुभव आपणा नोकरवर्गास नवा नाही.

नवी नव्हती ती कथाही. १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी शास्त्रीय संगीताच्या कैवारापायी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लावली. श्रोते कोलंबोकडे वळले. रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली तीही त्याच वर्षी. अखेर १९५७ मध्ये 'विविध भारती' काढून सरकारने चित्रपटगीतास आपल्या घरात जागा दिली. चार दशकांनंतर कोलंबोच्या जागी हाँगकाँग आले, आणि दूरदर्शनने 'मेट्रो' वाहिनी पुढे केली. तिच्यावरील 'सुपरहिट मुकाबला' हा गीतमालेचाच नातू म्हणावयाचा. दार लावून घेतले की श्रोता खिडकीने जातो, हा धडा दोन्ही वेळा सारखाच होता.

परंतु आलेला पाहुणाही तसाच राहिला नाही. १९९४ साली एमटीव्हीने स्टारची साथ सोडली आणि स्टारने 'चॅनल व्ही' ही स्वतःची वाहिनी काढली. इंग्रजी गाण्यांचा प्रेक्षक मूठभर शहरांपलीकडे नाही, हे तिने लवकर ओळखले. निवेदक हिंदी-इंग्रजीची खिचडी बोलू लागले. 'क्विक गन मुरुगन' हा लुंगीच्या मुलखातला काउबॉय तिच्या चिमुकल्या विनोदी चित्रफितींत अवतरला. १९९६ साली एमटीव्ही भारतीय वाहिनी होऊन परतली ती हिंदी शिकूनच. पाच वर्षांत आक्रमकाने आपली भाषा बदलावी, याला आक्रमण तरी कसे म्हणावे?

या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण म्हणजे १९९५ चे 'मेड इन इंडिया', आणि त्याचा एक धागा आमच्या या बंगळुरात सापडतो. त्याचा संगीतकार बिद्दू हा मूळचा येथला. साठच्या दशकात 'ट्रोजन्स' या वाद्यवृंदात गाणारा हा तरुण विलायतेस गेला. १९७४ साली कार्ल डग्लसने गायिलेल्या त्याच्या 'कुंग फू फायटिंग'ने इंग्लंड-अमेरिकेत अग्रस्थान मिळविले. १९८० च्या 'कुर्बानी'त त्याने नाझिया हसनचा आवाज आणला. 'मेड इन इंडिया'त अलिशा चिनॉय गायिली आणि चित्रफितीत झळकला तो मिलिंद सोमण, मराठी घरातला. बंगळुरी चाल, लंडनचा संस्कार, मुंबईचा गळा आणि मराठी चेहरा असलेल्या या गाण्यास देशी म्हणावे की परदेशी? महत्त्वाचे हे की त्याला चित्रपटाचा आधार नव्हता. लकी अली, कलोनियल कझिन्स, दलेर मेहंदी हे सारे त्याच वाटेने आले. पार्श्वगायक पडद्याआड असतो. येथे गायकास स्वतःचा चेहरा मिळाला. ही या दशकाची खरी देणगी.

मराठी माणसास मात्र यात अपूर्व असे काही वाटू नये. चित्रपटाबाहेरचे गाणे आपण भावगीताच्या रूपाने पूर्वीच जोपासले होते. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून प्रसृत झालेल्या माडगूळकर-फडक्यांच्या गीतरामायणाने तर त्याला घरोघर देव्हाऱ्याशेजारी बसविले. नव्या युगात मिलिंद इंगळे व सौमित्र यांच्या 'गारवा'ने त्या परंपरेशी नाते राखले, तर अवधूत गुप्ते व वैशाली सामंत यांच्या 'ऐका दाजिबा'ने संगीतवाहिनीचा थाट उचलला.

हे पर्व टिकले मात्र थोडे. चित्रपटसृष्टीने वाहिनीचे तंत्र चटकन आत्मसात केले. ए. आर. रहमानच्या संगीतावर नाचणारी 'रंगीला'तली ऊर्मिला मातोंडकर १९९५ सालीच या पडद्यावर आली, आणि चित्रपटापूर्वी त्याची गाणी दाखविणे हा रिवाज झाला. निर्मात्याच्या खर्चापुढे एकट्या गायकाची चित्रफीत टिकेना. त्यातच फुकट नकलांनी कॅसेटचा धंदा बुडविला. २००३ साली 'रोडीज' सुरू झाले आणि एमटीव्हीवरच गाण्याची जागा आकसू लागली. त्याच वर्षी दूरदर्शनची मेट्रो वाहिनी मिटली. चॅनल व्ही भारतात २०१८ साली बंद झाली.

तेव्हा आपले संगीत परक्यांनी बुडविले ही तक्रार खरी नाही. चित्रपटाच्या छायेतून बाहेर पडू पाहणाऱ्या गाण्याला परक्या वाहिनीने क्षणभर उन्हात आणले, आणि आपल्याच चित्रपटाने ते पुन्हा छायेत ओढले. मात्र त्या गाण्यांची स्वतःचीही एक उणीव होती. चित्र काढून घेतल्यावर त्यांतली पुष्कळशी उभी राहू शकली नाहीत. जी राहिली ती शब्द आणि चाल यांच्या बळावर. गीतरामायण आजही, पेटी-तबला मिळेल त्या सभागृहात, मग ते पुण्यात असो वा बंगळुरात, गाइले जाते. आपल्या मुलांना कोणती गाणी दाखवावीत, याची चिंता आपण परप्रांतात राहणारे पालक पुष्कळ करतो. त्यांच्या कंठात कोणती बसतील, याची चिंता त्याहून अगत्याची आहे. कारण बदलीच्या सामानात पडदा मागे राहतो, कंठ बरोबर येतो.