वृक्ष, वाक्य आणि वंश

वृक्षाच्या रचनेवरून इतर विषयांची रचना विशद करण्याची पद्धत पाली वाङ्मयास जुनीच आहे. मज्झिमनिकायातील महासारोपम सुत्तात साराच्या शोधार्थ वनात गेलेल्या पुरुषाचा दृष्टान्त येतो. तेथे झाडाचे पाच भाग बाहेरून आत अशा क्रमाने सांगितले आहेत : साखापलास म्हणजे फांद्या-पाने, पपटिका म्हणजे बाहेरचे सालपट, तच म्हणजे आतली साल, फेग्गु म्हणजे गाभ्याभोवतीचे कच्चे लाकूड आणि सार म्हणजे गाभा. लाभसत्कार, शील, समाधी, ज्ञानदर्शन व अचल चित्तविमुक्ती यांच्याशी त्यांची अनुक्रमे सांगड घातली आहे. या वर्णनामागे लाकडाची प्रत्यक्ष पारख आहे. वनशास्त्र ज्यांना रसकाष्ठ व मध्यकाष्ठ म्हणते, तेच हे फेग्गु आणि सार. खानदेशातील अंजनाचा ओंडका कापला असता फिकट कडा आणि गडद, कठीण गाभा हा भेद सहज दिसतो.

संगणकीय भाषाविज्ञानातील वृक्ष मात्र उलटा काढतात. संपूर्ण वाक्य हे वरचे मूळ, तर सुटे शब्द ही खालची पाने. ‘वृद्ध भिक्षू आणि उपासक’ या शब्दांचे दोन वृक्ष संभवतात. एकात ‘वृद्ध’ हे विशेषण केवळ भिक्षूंना लागते, दुसऱ्यात उपासकांनाही. शब्द तेच असून अर्थ रचनेमुळे पालटतो. अशा वृक्षात प्रत्येक फांदीस एकच जनक असतो. वाक्याच्या विश्लेषणात हा नियम पुष्कळ उपयोगी पडतो.

अडचण उद्भवते ती हाच नियम भाषांच्या वंशास लावल्यावर. जर्मन पंडित श्लायखर यांनी 1853 मध्ये भाषाकुलाचा वृक्ष रेखाटला. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या 1907 मधील खंडात खानदेशीस मराठीपासून अलग करून भिल्ली भाषांसमवेत स्थान दिले गेले. इतर अभ्यासक तिला मराठीची बोली मानतात. वस्तुतः धुळे-जळगावच्या अहिराणीत मराठी, गुजराती व भिल्ली यांचे अंश एकत्र नांदतात. एकाच जनकाचा आग्रह धरला की यांपैकी कोणते तरी नाते नाकारावे लागते.

वंशाची हीच कसोटी माणसांस लावली की जात उभी राहते. माणूस जन्माने श्रेष्ठ की कर्माने, हा वासेट्ठ व भारद्वाज या तरुणांचा वाद वासेट्ठ सुत्तात आला आहे. तृण, वृक्ष, कीटक, पक्षी यांच्यात जन्मसिद्ध चिन्हे आहेत, मनुष्यांत तशी नाहीत, असे तथागतांनी त्यांस समजावले. अंजन आणि साग पानांवरून ओळखता येतात, पण माणसाच्या डोळ्यांवरून वा हातांवरून त्याची जात ओळखता येत नाही. मनुष्याची ओळख त्याच्या कर्माने ठरते.

वृक्षाची उपमा कोठवर न्यावी, याची मर्यादा या सुत्तात आखलेली आहे. अहिराणी बोलणाऱ्या मुलाची भाषा ‘अशुद्ध’ ठरवण्यापूर्वी आपण ती मर्यादा स्मरावी, असे आम्हांस वाटते.