केईएम इंग्रजांनी बांधलं? नाही, मंडळी

'किंग एडवर्ड मेमोरियल' या नावामुळे अनेकांना वाटतं, परळचं केईएम ब्रिटिश सरकारने दिलं. खरं तर ते पहिल्या दिवसापासून महापालिकेचं.

त्या काळी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे.जे. सरकारच्या हातात. वरच्या जागांवर बहुतेक गोरे डॉक्टर. विलायतेत शिकून आलेल्या हिंदी डॉक्टरलाही तिथे शिकवायची संधी मिळणं कठीण. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी नव्या कॉलेजसाठी देणगी देऊ केली, पण एक अट घालून: शिकवणारे सगळे हिंदी हवेत, आणि सरकारी नोकरीतले नकोत. पालिकेने ती मान्य केली. १९२५ ला जी.एस. कॉलेज, १९२६ ला केईएम. डीन डॉ. जीवराज मेहता, तेच पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री!

पालिकेला हे जमलं कसं? १८८८ च्या कायद्यामुळे. फिरोजशहा मेहतांचा त्यात मोठा वाटा. आयुक्त सरकारने नेमलेला, पण बजेट मंजूर करणार सभागृह. शिवाय घरपट्टीचा पैसा शहराचा स्वतःचा, त्यामुळे खर्चाला सरकारचं तोंड बघायला नको.

अर्थात तेव्हाची पालिकाही सगळ्यांची नव्हती. १९२२ ला मताचा हक्क वाढला तो महिना १० रुपये भाडं भरणाऱ्यांपर्यंत. गिरणगावातल्या चाळीत खोलीचं भाडं त्याहून बरंच कमी, म्हणजे ज्यांच्या दाराशी हॉस्पिटल उभं राहिलं त्यातल्या बहुतेकांना मत नाही. सर्व प्रौढांच्या मतावर निवडणूक झाली ती थेट १९४८ ला.

आणि मग आपल्या काळात काय झालं? जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली. तिच्या बदल्यातली भरपाई राज्य सरकारकडून येते. ७ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली, आणि मतदान झालं जानेवारी २०२६ ला. जवळपास चार वर्षं लालबाग, परळ, दादर, गिरगाव, कुठेच नगरसेवक नाही! बजेट मांडणार आयुक्त, प्रशासक म्हणून मंजूर करणारही तेच. २०२५-२६ चं बजेट होतं ७४ हजार कोटींच्या वर. काही राज्यांचं एवढं नसतं.

आता सभागृह परत आलंय. तुमच्या नगरसेवकाला भेटाल तेव्हा गटार-फुटपाथाच्या आधी एवढं विचारा: बजेटात पालिकेच्या हॉस्पिटलांना किती, आणि त्यावर तुम्ही बोललात का? उत्तर काय मिळालं ते खाली लिहा.